मुंबई सिटीची बाजू कशी लढवायची

फुटबॉलच्या वादात पोपट होतो तो बहुधा एकाच कारणाने. आपल्या संघाचा सगळ्यात लाजिरवाणा स्कोअर समोरच्याला तोंडपाठ असतो आणि आपल्याला तो त्याच्याच तोंडून पहिल्यांदा कळतो. म्हणून इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटी क्लबसाठी भांडताना तयारीची सुरुवात ट्रॉफ्यांपासून करू नका. आधी मार पाठ करा.

१. मार पाठ करा

फोनमध्ये एक नोट उघडा आणि या पाच ओळी लिहून ठेवा:

१७ नोव्हेंबर २०१५, फातोर्डा: गोवा ७, मुंबई ०. गोव्याच्या दोघांनी एकाच सामन्यात हॅटट्रिक केली, डुडू आणि हाओकिप.
मार्च २०१९, सेमीफायनलचा पहिला लेग, तोही अंधेरीत: गोवा ५, मुंबई १.
२०२३-२४, आशियाई चॅम्पियन्स लीगचा गट: सहा सामने, सहा पराभव.
ऑगस्ट २०२४, ड्युरंड कप: केरळ ब्लास्टर्स ८, मुंबई ०.
मार्च २०२५, प्लेऑफ: बेंगळुरू ५, मुंबई ०.

यातल्या फक्त एका ओळीला बचाव आहे. ड्युरंडला मुंबईने पहिला संघ पाठवलाच नव्हता, राखीव आणि तरुण पोरं खेळली. पण हे वाक्य जपून वापरा. त्याच तोंडाने तुम्ही ‘२०२२ ला आम्ही ड्युरंडच्या फायनलला होतो’ असं म्हणालात, तर समोरचा लगेच विचारणार, की जिंकत आलात की ड्युरंड मोठी आणि हरलात की पोरांची स्पर्धा का? (ती फायनलही बेंगळुरूने २-१ ने घेतली.) बाकी चार ओळींवर एकच उत्तर चालतं: ‘हो, मार खाल्ला.’ त्यापुढे ‘पण’ लावायचा नाही. समोरच्याने तो स्कोअर शेवटच्या वारासाठी राखून ठेवलेला असतो. तुम्ही तो आधीच कबूल केलात, की त्याच्या फटाक्याची वात भिजली. वाद लांबतो तो हार नाकारली तर.

२. शिल्ड आणि कप यांत गल्लत करू नका

मुंबई सिटीचे निम्मे चाहते इथेच पकडले जातात. इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ पर्यंत दोन वेगळी बक्षिसं होती. साखळी फेरीत जो पहिला यायचा त्याला लीग शिल्ड मिळायची. त्यानंतरच्या प्लेऑफमधून फायनल जिंकायचा त्याला कप. शिल्ड देणं सुरू झालं २०१९-२० च्या मोसमापासून.

मुंबईचा हिशोब असा: शिल्ड २०२०-२१ आणि २०२२-२३, कप २०२०-२१ आणि २०२३-२४. दोन आणि दोन.

‘आम्ही तीनदा टेबल टॉपर’ हे वाक्य खरं आहे, पण ‘तीन शिल्ड’ खोटं. २०१६ ला डिएगो फोर्लानच्या मोसमात, अलेक्झांड्रे गिमाराइस कोच असताना मुंबई पहिली आली होती. तेव्हा शिल्ड नावाचा प्रकारच नव्हता, आणि सेमीफायनलला कोलकात्याने घरी पाठवलं. ही तिसरी शिल्ड मोजणारा माणूस पुढे काहीही खरं बोलला तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दुसरी चूक जास्त घातक आहे: वर्षागणिक तराजू बदलणं. २०२२-२३ ला मुंबईने सलग १८ सामने न हरता, ४६ गुण आणि ५४ गोलांसह शिल्ड नेली, पण सेमीफायनलला बेंगळुरूकडून पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ ने हरली. तेव्हा सगळे म्हणाले, ‘साखळीच खरी, प्लेऑफ म्हणजे नशीब.’ पुढच्याच मोसमात शिल्ड एका गुणाने गेली (मोहन बागान ४८, मुंबई ४७) आणि कप मिळाला. तेव्हा तेच सगळे म्हणू लागले, ‘फायनलच खरी.’ समोर जुने मेसेज जपून ठेवणारा कुणी असेल तर तो या दोन वाक्यांचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावतो आणि खेळ खलास. त्यापेक्षा कोणत्याही मोसमात एकच सांगा: साखळी लांबची शर्यत म्हणून कठीण, कप एका रात्रीचा म्हणून कठीण, दोन्ही मोजा. दोन-दोन या हिशोबाने फार थोडे क्लब तुमच्यापुढे उभे राहतात.

२०२०-२१ ची शिल्ड ‘गोल डिफरन्सवर मिळाली’ असंही कुणी कुणी सांगतं. चूक. मुंबई आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण होते, निकाल लागला आपसातल्या सामन्यांवर. ते दोन्ही मुंबईने जिंकले होते, १-० आणि २-०. दुसरा तर शेवटच्याच दिवशी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, मुंबई तीन गुणांनी मागे असताना. मुर्तदा फॉलने सातव्या मिनिटाला गोल केला, मग ओगबेचेने. तेरा दिवसांनी त्याच संघाविरुद्ध फायनल, २-१, बिपिन सिंगचा गोल ९० व्या मिनिटाला. तो सगळा मोसम गोव्यात, कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. ‘प्रेक्षकच नव्हते’ असं कुणी हिणवलं तर प्रेक्षक सगळ्यांनाच नव्हते एवढंच सांगून पुढे जा.

३. कोणासमोर काय काढायचं

केरळवाला. मुंबईत हा सगळीकडे भेटतो, आणि आवाजात त्याला कुणी हरवू शकत नाही. प्रयत्नही करू नका. स्टँडमध्ये मंजप्पडा (केरळच्या चाहत्यांचा गट) जास्त आहे हे मान्य करा. मग फक्त एक ओळ: २०१४, २०१६, २०२१-२२, तीन फायनल, तिन्ही हरले. २०१६ ची तर कोचीतच, पेनल्टीवर. तो ८-० काढणार, तुम्ही राखीव संघ म्हणणार, मग डिसेंबर २०१८ चा ६-१ काढायचा. त्यात दोन्ही बाजूंचे पहिले संघ होते आणि मोडू सोगूने एकट्याने चार गोल केले होते.

त्याला खरं झोंबणारं प्रकरण आहे ३ मार्च २०२३ चं. बेंगळुरूत जादा वेळेत छेत्रीने भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला आणि केरळचा संघ मैदान सोडून गेला. महासंघाने क्लबला चार कोटींचा दंड लावला, कोचला दहा सामन्यांची बंदी. इथे ‘रडीचा डाव’ म्हणायची खाज येईल, म्हणा, पण नियम माहीत करून. आक्रमण करणाऱ्या संघाला फ्री किक झटपट घेण्याचा हक्क असतो. भिंत ९.१५ मीटर मागे जाईपर्यंत थांबायचं की नाही हे तोच ठरवतो. रेफरीने ‘शिट्टीची वाट बघा’ असं खुणावलं असेल, तर मात्र शिट्टीआधी मारलेली किक चालत नाही. केरळवाल्याचं म्हणणं नेमकं इथे असतं, की रेफरीने तसं खुणावलं होतं. त्यामुळे गोल बरोबर की चूक या चिखलात उतरू नका. मैदान सोडणं चूक, एवढ्यावरच उभे राहा. ते वाक्य कुणी हलवू शकत नाही.

गोवेकर. याच्याशी वाद घालायला सगळ्यात मजा, कारण त्याला फुटबॉल कळतो आणि बरेचदा तो नात्यातलाच कुणीतरी असतो, मावशीचे यजमान वगैरे. त्याचा हुकमी एक्का: ‘तुमी आमचो संघच व्हेलो’ (आमचा संघच नेलात). आणि त्यात तथ्य आहे. २०२० ला मुंबईने कोच सर्जिओ लोबेरा घेतला, पाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल, मंदार राव देसाई आणि रिलीज क्लॉज (करार मोडायची ठरलेली रक्कम) भरून ह्यूगो बोमूस. पण क्रम नीट सांगा. लोबेराला गोव्याने जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ वरच्या जागेवर असताना, स्वतःच काढलं. मुंबईने काढून टाकलेला कोच उचलला. खेळाडू त्याच्यामागे आले. बोमूसची बाजू मात्र फार ताणू नका, कारण पुढच्याच वर्षी तो मोहन बागानकडे गेला, म्हणजे हाच खेळ आपल्याशीही झाला.

त्यानंतर २४ एप्रिल २०२४. फातोर्डा, सेमीफायनलचा पहिला लेग, ८९ मिनिटांपर्यंत गोवा २-० ने पुढे. ९० व्या मिनिटाला छांगते, पाठोपाठ विक्रम प्रताप, ९०+६ ला पुन्हा छांगते. ३-२. हा सामना गोवेकरासमोर काढताना आवाज वाढवायचा नाही. काका असतील तर चहा पुढे करता करता ‘शेवटची सात मिनिटं बघितली होती का हो तुम्ही?’ एवढं पुरतं. २०२२-२३ ची शिल्डही मुंबईने फातोर्डालाच पक्की केली, ५-३ ने. पण गोव्याने सुपर कप आणि ड्युरंड जिंकलेत, मुंबईने ते दोन्ही कधी जिंकलेत असं चुकूनही म्हणू नका.

मोहन बागानवाला. इथे नम्रता हेच धोरण. क्लब १८८९ चा, १९११ ला अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड (कलकत्त्याची जुनी फुटबॉल स्पर्धा) नेलेला. २०१४ ला जन्मलेल्या क्लबाने इतिहासाच्या गप्पा मारल्या तर हसं होतं. त्याला अलीकडे खेचून आणा. एटीके मोहन बागान हे नाव आल्यापासून १५ एप्रिल २०२४ पर्यंत आयएसएलमध्ये त्यांना मुंबईला हरवता आलं नव्हतं. डिसेंबर २०२१ ला तर गोव्यात मुंबईने पाच मारले, ५-१. त्यांना पहिला विजय मिळाला तोच नेमका साल्ट लेकवर (कोलकात्याचं मैदान), शिल्डच्या सामन्यात, मुंबईला नुसती बरोबरी पुरत असताना. हे दुखणं कबूल करा आणि लगेच १९ दिवस पुढे या. ४ मे, तेच साल्ट लेक, फायनल, कमिंग्जने त्यांना पुढे नेलं, मग डियाझ, बिपिन आणि व्होयटुस. ३-१.

बागानवाला ‘एटीकेचे तीन कप’ आपल्यात धरतो का ते बघा. २०१४, २०१६ आणि २०१९-२० चे कप एटीकेचे, आणि एटीके २०२० ला बागानमध्ये विलीन झाला. कट्टर बागानवाले स्वतःच ते मोजत नाहीत, ‘एटीके’ हे नाव काढून टाकावं म्हणून ते रस्त्यावर उतरले होते. जो मोजतो, त्याला दुसऱ्या बागानवाल्याशी भिडवून द्या आणि बाजूला व्हा.

बेंगळुरूवाला. हा अवघड पाहुणा. शूटआउट, ड्युरंड फायनल, ५-०, सगळं त्याच्या खिशात. त्याच्यासाठी एकच पान राखून ठेवा. २०१६ ला बेंगळुरू एएफसी कपच्या फायनलला पोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला आणि दोहामध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबकडून १-० ने हरला. गोल हम्मादी अहमदचा. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये, त्याच एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच हम्मादीने मुंबईवर गोल केला, आणि मुंबईने २-१ ने सामना जिंकला. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब. विजयी हेडर राहुल भेकेचा.

४. ‘मुंबईत कुठे आहे फुटबॉल?’

राहुल भेके हे नाव इथेही लागतं, कारण तो मुंबईचा मुलगा. गंमत अशी की २०१९ च्या आयएसएल फायनलमध्ये, अंधेरीच्याच मैदानावर, त्याने ११७ व्या मिनिटाला डोक्याने गोल करून कप जिंकून दिला तो बेंगळुरूला. ‘तुमच्या संघात मुंबईचं कोण?’ या प्रश्नाला, तो २०२४ ला पुन्हा बेंगळुरूला जाईपर्यंत, हे एक उत्तर होतं, पण ते एकच होतं याची लाज ठेवा. मुंबईच्या मैदानांवर वाढलेले खेळाडू पहिल्या संघात कमी आहेत, ही टीका बरोबर आहे.

शहराचा इतिहास मात्र क्लबापेक्षा मोठा आहे, तो वापरा. रोव्हर्स कप मुंबईत १८९१ ला सुरू झाला, आयएफए शिल्डच्या दोन वर्षं आधी. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १९५६ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईत खेळायचा, वांद्र्याचं टर्फ त्याच्याच नावाने आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबई एफसी नावाचा वेगळा क्लब दहा वर्षं खेळला, त्याची आणि मुंबई सिटीची गल्लत करू नका, तो २०१७ ला संपला. आणि रोव्हर्सची फुशारकी बागानवाल्यासमोर अजिबात मारू नका. तो कप सगळ्यात जास्त वेळा, १४ वेळा, त्यांनीच कलकत्त्याला नेलाय.

रिकाम्या खुर्च्यांचा टोमणा आला तर आकड्याने उत्तर द्या. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलाची क्षमता साधारण सात हजारांच्या घरात, साल्ट लेकची साठ हजारांच्या वर. एकूण गर्दीची तुलना निरर्थक, भरलेल्या खुर्च्यांच्या टक्केवारीची करता येते. पण मंगळवारी संध्याकाळी तीही बरी दिसत नाही. साडेसातचा सामना आणि कांदिवलीचा माणूस सीप्झमधून सातला सुटतो, हे कारण खरं असलं तरी कोचीवाल्याला सांगू नका, तिथेही लोक कामावर जातात.

५. पैशांचा वाद

थोडक्यात आटपा. नोव्हेंबर २०१९ ला सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीचे मालक) ६५ टक्के हिस्सा घेतला, २०२५ च्या अखेरीस तो सोडला. सगळ्या ट्रॉफ्या याच मधल्या काळातल्या आहेत. हे लपवता येत नाही. उत्तर एवढंच की लीगला खेळाडूंच्या पगारांची मर्यादा होती, ती सगळ्यांना सारखी होती, आणि बागानच्या मालकांनाही कुणी गरीब म्हणत नाही.

जाता जाता: अंधेरीत आकाशी जर्सी घालून ओरडणारे कितीतरी जण शनिवारी रात्री मँचेस्टर युनायटेडचे असतात. २०१९ ला त्यांची जी पंचाईत झाली ती अजून सुटायची होती, तोवर ग्रुपच निघून गेला. त्यांना चिडवा, पण प्रेमाने, वेस्ट कोस्ट ब्रिगेडचा (मुंबई सिटीच्या चाहत्यांचा गट) ढोल तेही वाजवतात.

६. टीव्हीवरच्या क्लबचा चाहता

‘आयएसएल कोण बघतं?’ असं म्हणणाऱ्याशी इंग्लिश फुटबॉलवरच बोला, त्याच्या अंगणात. सोयीचे आकडे: २०२४-२५ नंतर लिव्हरपूल आणि युनायटेड यांच्या लीग २०-२०, युरोपियन कप लिव्हरपूल सहा, युनायटेड तीन. युनायटेडने शेवटची लीग २०१२-१३ ला घेतली आणि २०२४-२५ ला ते ४२ गुणांसह पंधरावे आले. आर्सेनलवाला २००३-०४ चा ‘न हरलेला’ मोसम काढेल. २६ विजय, १२ बरोबरी, त्याला हात लावू नका, तो खरा आहे. ४९ सामन्यांची ती मालिका ऑक्टोबर २००४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर तुटली हे विचारून बघा, काहीजण अजून त्या दिवसाच्या पेनल्टीवर बोलतात. मँचेस्टर सिटीवर ‘११५ आरोप’ म्हणताना आरोप हाच शब्द ठेवा. फेब्रुवारी २०२३ ला लीगने ते ठेवले. आरोप म्हणजे निकाल नव्हे.

वेळेचं भान याच मंडळींना नसतं. इंग्लंडमध्ये दुपारी तीनचा सामना उन्हाळी वेळेत आपल्याकडे साडेसातला असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेआठला. चॅम्पियन्स लीग थंडीत रात्री दीडला लागते. तोवर शेवटची लोकल गेलेली असते, त्यामुळे कुणाच्या घरी जमणार असाल तर मुक्कामाचंच बोला, आणि गोलनंतर ओरडायचं असेल तर तोंडावर उशी. चाळीत हा नियम ऑफसाइडपेक्षा कडक पाळावा.

७. रेफरीवर बोलायच्या आधी

२०२४-२५ पर्यंत आयएसएलमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणं) नव्हतं. ‘व्हीएआरने बघायला हवं होतं’ म्हणणारा माणूस सामना बघत नाही हे तिथेच कळतं. ऑफसाइडचे चार मुद्दे पक्के करा: चेंडू सहकाऱ्याच्या पायाला लागतो त्या क्षणाची जागा बघायची, चेंडू मिळतो त्या क्षणाची नाही. शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत असाल तर ऑनसाइड. हात आणि दंड मोजत नाहीत. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवर ऑफसाइड नसतो. टीव्हीचा कॅमेरा हाफलाइनजवळ असतो, त्यामुळे गोलजवळची रेषा तिरकी दिसते आणि कॅमेऱ्याजवळचा खेळाडू आहे त्यापेक्षा पुढे वाटतो. अर्धी भांडणं या तिरक्या कोनाचीच असतात.

एक्सजी, म्हणजे त्या संधीवर सरासरी किती गोल व्हावेत याचा अंदाज, हल्ली सगळेच फेकतात. तो वापरायचा तर पेनल्टी वगळून वापरा. एका पेनल्टीचा एक्सजी ०.७८ च्या आसपास असतो, दोन पेनल्टी मिळालेल्या संघाचा आकडा बसल्या जागी दीडच्या वर जातो. आणि एका सामन्याच्या एक्सजीवरून ‘आम्हीच चांगले खेळलो’ म्हणू नका, आठ-दहा सामन्यांचा घ्या. हरल्यावरच एक्सजी काढणारा माणूस सगळ्यांना ओळखू येतो.

८. बॅनर

शब्दांनी टेर खेचायची सगळ्यात चांगली जागा मैदान. अंधेरीला जायचं तर मेट्रोने आझाद नगरला उतरा, तिथून चालत जाता येतं. बॅनर कसा करायचा, ते जरा सविस्तर, कारण बहुतेक बॅनर समोरच्या स्टँडमधून वाचताच येत नाहीत.

कापड मांजरपाट घ्या, मंगलदास मार्केटला किंवा दादरला मिळतं. सॅटिन चकाकतं, फ्लडलाइटखाली अक्षर पुसलं जातं. फ्लेक्स घडी केली की तडकतो आणि वाऱ्यात शिडासारखा भरतो. मैदानाची रुंदी ६८ मीटर, त्यात दोन्हीकडची मोकळी जागा धरली तर समोरचा प्रेक्षक ऐंशी मीटरवर बसलाय. दर दहा फुटांना अक्षराची उंची एक इंच, या अंदाजाने दोन फुटांपेक्षा लहान अक्षर काढू नका. देवनागरीत आणखी एक गोष्ट. दोन फूट हे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं माप. वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार यांना प्रत्येकी पाऊण फूट लागतो. म्हणजे पन्हा किमान चार फूट हवा, तीन फुटी कापडावर ‘मुंबई’चा उकार आणि अनुस्वार दोन्ही कापले जातात. रेघेची जाडी चार इंच. त्यापेक्षा बारीक रेघ लांबून करडी दिसते.

आधी धुऊन खळ काढा, नाहीतर रंग वरच्या वर राहतो. खडूने शिरोरेषा आखा, मग अक्षरं. रंग अॅक्रेलिकच, पाण्यात थोडाच पातळ केलेला, दोन हात. ऑइलपेंट नको. कापड पत्र्यासारखं होतं, घडीवर फुटतं, वास येतो आणि गेटवर पोलीस ज्वलनशील म्हणून अडवतात. पांढऱ्यावर आकाशी रंग लांबून दिसत नाही. आकाशी पार्श्वभूमी ठेवून अक्षर गडद निळं किंवा काळं करा. खाली जुनी वर्तमानपत्रं, नाहीतर गच्चीवर पुढचं वर्षभर ‘तीन फायनल’ वाचत बसाल. जुलै-ऑगस्टमध्ये रंग वाळायला दोन दिवस धरा आणि अर्धवट ओला बॅनर गुंडाळू नका, अक्षर मागच्या बाजूला उमटतं. कडेला दर दोन फुटांवर काजं शिवून सुतळी ओवा. बांबू, लोखंडी पाइप आत सोडत नाहीत. पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी यांचंही काही खरं नाही, तिकिटावरची यादी घरी वाचून निघा.

मजकूर पाच-सहा शब्दांत बसवा आणि तो खरा असू दे. केरळसाठी ‘तीन फायनल, शून्य कप’ (नवा मोसम संपला की आधी खात्री करा). बागानसाठी ‘शिल्ड तुमची, साल्ट लेक आमचं’. गोव्यासाठी ‘एकोणनव्वद मिनिटं गोव्याची, बाकी मुंबईची’. इथे ‘नव्वद मिनिटं’ लिहिण्याचा मोह होतो, पण पहिला गोल ९० व्या मिनिटालाच झाला होता आणि गोवेकर तो मिनिट विसरलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्याकडून तपासून घ्या. चुकीच्या वेलांटीचा बॅनर टीव्हीवर गेला तर त्या सामन्याचा निकाल कुणाच्याच लक्षात राहत नाही.

९. सुतक आणि कुंपण

हरल्यानंतर चोवीस तास गप्प. याला सुतक म्हणा. या काळात लिहिलेला प्रत्येक मेसेज पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो. जिंकल्यावरही पहिल्या तासात फक्त स्कोअर टाका, त्याच्या खाली एक शब्द नको, समोरच्याला तेच जास्त लागतं.

टीका क्लबवर, डावपेचांवर, व्यवस्थापनावर. खेळाडूचा रंग, चेहरा, घरचे, समोरच्याची भाषा, राज्य, खाणं, धर्म यांवर नाही. ईशान्येच्या खेळाडूंना दिली जाणारी ती ठरावीक नावं आपल्या स्टँडमधूनही ऐकू येतात, आणि बिपिन मणिपूरचा, छांगते मिझोरामचा आहे. शेजारचा असं ओरडला तर ‘ए, बस कर’ त्याला तिथल्या तिथे म्हणायचं. नाही ऐकलं तर स्टुअर्डला बोलवायचं. मैदानात बाटली पडली तर दंड क्लबला बसतो, फेकणाऱ्याला नाही, हेही त्याला सांगून ठेवा.

ऑफिसात डबा खाताना वाद घालायचा तर जेवणाआधी एक ठरवून घ्या: एकावेळी एकच मोसम. ‘२०२३’ म्हटलं की दोघांनी २०२३ वरच बोलायचं. नाहीतर पोळी संपेपर्यंत तुम्ही १९११ ला पोचलेले असता आणि साहेब दारात उभे असतात.